नोकरी गेली, पुढचं काही दिसत नाही. बायबलमध्ये आशा शोधायची तर सुरुवात कुठून करू?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत 'वर्षाचं वचन' म्हणून यिर्मया 29:11 ची चिठ्ठी हाती आली, तीच ती, हिताचे संकल्प आणि उज्ज्वल भविष्यवाली. एप्रिलमध्ये नोकरी गेली. आता रोज रात्री बायबल मध्येच कुठेतरी उघडता, डोळे मिटून बोट ठेवता आणि हाती काही लागत नाही. देव खोटं बोलला की आपलाच विश्वास कमी पडला, असं तुम्ही विचारताय.

देव खोटं बोललेला नाही आणि तुमच्या विश्वासाचं वजन करायचीही गरज नाही. चिठ्ठी कापणाऱ्याने कात्री भलत्या ठिकाणी चालवली. या चिठ्ठ्यांवरून आमच्या शास्त्राभ्यासाच्या गटात जुना वाद आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

ते वचन यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेल्या एका पत्रातलं आहे. पत्र यरुशलेमेतून बाबेलला गेलं, इ.स.पू. 597 नंतर. त्या वर्षी बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यहूदाच्या यहोयाखीन राजाला, दरबाऱ्यांना आणि शहरातल्या कसबी लोकांना धरून नेलं होतं. 2 राजे 24:16 मध्ये नुसत्या कारागीर-लोहारांचा आकडा एक हजार दिलाय. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांत कालपर्यंत चार पैसे कमावणारी आणि आज परमुलखात हात चोळत बसलेली माणसं भरपूर होती. तुमच्याशी त्यांचं नातं जुळतं ते इथे.

आता पत्राचा क्रम बघा. वचन 5 आणि 6 मध्ये घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, लग्नं करा, मुलांची लग्नं लावा. 7 मध्ये ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचंच भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं बरं झालं तर तुमचं होईल. 8 आणि 9 मध्ये तुमच्यातल्या स्वप्नं सांगणाऱ्या संदेष्ट्यांचं ऐकू नका. 10 मध्ये सत्तर वर्षं. आणि मग 11. बाबेल पडली आणि पारसाच्या कोरेश राजाने परतीची परवानगी दिली ती इ.स.पू. 538 च्या सुमारास. तिशीत नेलेला लोहार तोवर नव्वदीला टेकलेला, बहुतेक तिथल्याच मातीत गेलेला. हे माहीत असूनही 11 वं वचन तितकंच खरं वाटतं का, हा खरा प्रश्न आहे. चिठ्ठीवर तो मावत नाही.

लगेच मागचा 28 वा अध्याय वाचा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, सगळ्यांसमोर, परमेश्वराचं नाव घेऊन सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, माणसं आणि मंदिरातली भांडीसुद्धा. बाबेलच्या अधीन राहा याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर लाकडी जू घेतलेलं असतं, ते काढून तो मोडतो. यिर्मया आधी काय म्हणतो? आमेन, तसंच होवो. त्यालाही ते हवंच होतं. मग परमेश्वराचा निरोप येतो की लाकडाच्या जागी आता लोखंडाचं जू, आणि हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मरतो. 29 च्या शेवटी आणखी एक गंमत आहे. शमाया नावाचा बंदिवासातला माणूस बाबेलहून यरुशलेमच्या याजकाला तक्रार लिहितो: या वेड्याला खोड्यात का घालत नाही, तो आम्हाला खुशाल लिहितो की अजून खूप काळ जायचाय, घरं बांधा. ज्या पत्रातलं एक वाक्य आपण फुलांच्या चित्रावर छापून सकाळी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, ते पत्र पहिल्यांदा वाचणाऱ्या एकाला तरी शिक्षा करण्याइतकं वाईट वाटलं होतं.

म्हणून 29:11 वरून नोकरी कधी मिळेल याची तारीख निघत नाही. पत्र एका राष्ट्राला आहे, तुमच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला नाही. निघतं ते असं: देवाने टाकून दिलेलं नाही हे त्यात आहे, वाट बघायच्या काळात काय करायचं हे आहे, आणि कोणापासून सावध राहायचं हेही आहे. 5 ते 7 या वचनांना आज तुमच्या घरात काय रूप येतं ते कागदावर लिहा. पीएफचे कागद, शाळेच्या फीची तारीख, कोणाकडे शब्द टाकायचा राहिलाय, सोसायटीतलं कोणतं काम तुमच्या हातून होईल. याला भक्ती म्हणायला बिचकू नका, पत्रात ते प्रार्थनेच्याच शेजारी लिहिलंय.

मग थेट 32 वा अध्याय. माझ्या मते आशेवर बायबलमधला सगळ्यात व्यवहारी अध्याय हाच, आणि त्याची चिठ्ठी कोणी काढत नाही. यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलाय, यिर्मया राजवाड्याच्या चौकीत कैदेत आहे. चुलतभाऊ येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. शत्रूच्या ताब्यातल्या मुलखातली जमीन! यिर्मया सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. शेकेल सुमारे 11 ग्रॅमचा धरला तर दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. खरेदीखत होतं, साक्षीदारांच्या सह्या होतात, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी. यिर्मयाचा लेखनिक बारूख याला सांगितलं जातं की दोन्ही मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील म्हणून. आणि 16 व्या वचनापासून बघा: खत बारूखाच्या हातात दिल्यावर यिर्मया प्रार्थनेत देवाला विचारतो की शहर तर पडतंय, मग मला हे विकत घ्यायला का सांगितलंस? आधी पैसे मोजले, शंका नंतर काढली. मनात खात्री दाटून आल्यावरच पाऊल उचलायचं असतं, अशी शिकवण तुम्हाला कोणी दिली असेल तर हा अध्याय त्यांच्यासमोर ठेवा. पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या. केडगावला त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर पुरं केलं आणि छापील संपूर्ण बायबल आलं ते त्यांच्या पश्चात. तेही याच जातीचं खरेदीखत.

आता वाद. गटातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं असं की मागचं-पुढचं वाचणं अभ्यासकांसाठी, दुःखात असलेल्याला एक वचन पुरतं. माझं उत्तर दरवेळी मत्तय 4:6. तिथे सैतान स्तोत्र 91 मधलं वचन अचूक म्हणून दाखवतो: देवदूत तुला हातांवर झेलतील, उडी मार. येशू ते वचन खोटं म्हणत नाही, दुसरा शास्त्रभाग शेजारी ठेवतो, अनुवाद नावाच्या पुस्तकातलं 6:16: परमेश्वराची परीक्षा पाहू नको. 2020 मध्ये, कोविडच्या काळात, हेच 91 वं स्तोत्र किती घरांच्या दारांवर लागलं होतं ते आठवा. त्या दारांच्या आतली माणसंही गेली, मग मागे राहिलेल्यांना काय सांगायचं? दुसरं उदाहरण ईयोब 8:7, आरंभ थोडका असला तरी शेवट फार वाढेल, हे दुकानाच्या उद्घाटनाला हमखास. ते बोलणारा बिल्दद आहे, दुःखात पडलेल्या ईयोबाचं सांत्वन करायला आलेल्या तीन मित्रांपैकी एक. 42:7 मध्ये परमेश्वर त्याच्यावर आणि त्याच्या दोन्ही सोबत्यांवर संतापून म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. म्हणजे ज्याच्या बोलण्यावर देवाने फुली मारली त्याचं वाक्य आपण फ्रेम करतो. त्या तिघांनी सात दिवस आणि सात रात्री ईयोबाजवळ गप्प बसून काढल्या (2:13), तेवढंच काय ते त्यांनी बरं केलं.

बोट ठेवून वचन काढणं आज रात्रीपासून बंद करा. त्यात दोनच गोष्टी होतात: वंशावळीवर बोट पडलं तर निराशा, आणि गोड वाक्यावर पडलं तर उद्या पुन्हा तेच लागतं.

त्याऐवजी पहिले दोन आठवडे फक्त विलापाची स्तोत्रं. 13 पासून, सहाच वचनं आहेत. 1-2 मध्ये गाऱ्हाणं, 'कोठवर' हे चार वेळा. 3-4 मध्ये मागणं. 5-6 मध्ये भरवसा. मोठ्याने वाचा, मग वहीत याच तीन भागांत स्वतःचं लिहा. पहिल्या भागात सभ्यपणा नको, दावीदानेही ठेवलेला नाही. तिसरा भाग मनात नसेल तर कोरा सोडा. मग 42 आणि 43 एकत्र (ते एकच गीत आहे, 'माझ्या जिवा, तू खिन्न का' हे धृपद तीनदा येतं), 77, 130. 88 मुद्दाम वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड नाही, तरीही ते उपासनेच्या गीतसंग्रहात आहे. एका स्तोत्रावर दोन-तीन दिवस रेंगाळलात तरी चालेल, रोज नवं हवंच असं नाही.

मग विलापगीत 3 सगळं, 66 वचनं. दर सकाळी नवी होणारी दया 22-23 मध्ये आहे. तिच्या आधी 18 मध्ये तो माणूस माझी आशा संपली असं म्हणतो आणि नंतर रडं पुन्हा सुरू होतं. पुस्तकाचा शेवटही प्रश्नातच लोंबकळतो. आशा तिथे मध्यावर आहे हे लक्षात ठेवलंत तर उद्या पुन्हा खचल्यावर विश्वास गेला असं वाटणार नाही. त्यानंतर हबक्कूक, तीन अध्याय, एका बैठकीत. फिलिप्पैकरांस पत्र, चार अध्याय, मोठ्याने पंधराएक मिनिटं. 4:13 वाचताना 11 आणि 12 सोडू नका, पौल कैदेत आहे आणि उपाशी राहायला शिकलो असं म्हणतोय. चिंता करू नका, हे 4:6 देखील त्याच कैद्याचं आहे. शेवटी मार्क, जमलं तर दोन बैठकांत.

आणि मग लूक 24 व 1 करिंथ 15. हे राहिलं तर बाकी सगळं केवळ चांगलं साहित्य होतं. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे म्हणतात की आम्हाला आशा होती, भूतकाळात. येशू त्यांना एक वचन देऊन वाटेला लावत नाही, मोशे आणि सर्व संदेष्ट्यांपासून सुरुवात करतो. साठ स्टेडिया म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर चालणं, वेळ होता. ख्रिस्ती माणसाची आशा शेवटी उठलेल्या ख्रिस्तावर टेकलेली आहे. पौल स्पष्ट लिहितो की तो उठला नसेल तर विश्वास व्यर्थ. नोकरी मिळाली म्हणून ती आशा सिद्ध होत नाही, न मिळाल्याने मोडत नाही.

अडतं ते ठरलेल्या ठिकाणी. उत्पत्तीपासून सुरू करणारे निर्गमाच्या 25 व्या अध्यायाला निवासमंडपाची मापं आली की बसतात. अनिश्चित काळात प्रकटीकरणाने सुरुवात करणारे तारखांची गणितं मांडत बसतात, ते अजिबात करू नका. रात्री अंथरुणात मोबाइलवर वाचलं की मध्येच नोकरीच्या साइटचा मेसेज येतो, तेव्हा छापील प्रत घ्या, सकाळी, टेबलाशी. आणि एकट्याने नको, निदान आठवड्यातून एकदा कोणासोबत तरी. 'अमुक रक्कम पेरा, परमेश्वर नोकरी देईल' म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका, मग तो टीव्हीवरचा असो की गल्लीतला. तो हनन्याच, फक्त हनन्याने पैसे मागितल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल तर आधी डॉक्टरकडे जा. टेलि-मानसच्या 14416 वर मराठीत बोलता येतं. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला भाकर आणि पाणी देतो, तो खाऊन झोपतो, पुन्हा उठवून खायला देतो. देवाचं बोलणं त्यानंतर. दुसरं, तुम्ही कॅथलिक असाल तर तुमच्या बायबलात 73 ग्रंथ असतील, वर सांगितलेले सगळे त्यातही आहेत, आणि मिस्साचे रोजचे नेमलेले पाठ धरलेत तरी बोट ठेवण्यापेक्षा शंभर पटींनी बरं. तिसरं, दवाखान्यात खाटेवर एकच पाठ वचन धरून पडलेल्या माणसापुढे यातलं काहीही बोलू नका. माझा राग वचनावर नाही आणि त्याच्यावर तर नाहीच.

चिठ्ठी पाळकांना परत द्यावी का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. देऊ नका, बायबलमध्ये 29 व्या अध्यायाशी ठेवा. पुढच्या 31 डिसेंबरला चिठ्ठ्या वाटायच्या आधी वचन 1 ते 14 मोठ्याने वाचू द्या, एवढंच मागा. तीन मिनिटांचं काम आहे. वेळ नाही असं कोणी म्हणालं, तर त्या रात्री सूचना वाचायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा.