गाडीचं नंतर बघू, आधी आईच्या मेडिक्लेमचं बोला

या आठवड्याचं पत्र वडगाव शेरीच्या एका जोडप्याचं आहे, मोठं होतं म्हणून थोडक्यात देतो.

"जय ख्रिस्त सर. मी ४४, मिसेस ४२. मी सीएनआय (प्रोटेस्टंट), ती कॅथलिक, मूल नाही, आई (७२, शुगर-बीपी) आमच्याकडे असते. मी ऑटो कंपनीत, सध्याच्या नोकरीला साडेचार वर्षं होत आली, मिसेस शाळेत शिक्षिका, दोघांचे मिळून हातात १ लाख ६५ हजार. येत्या ऑक्टोबरपासून एक वर्ष कॅम्पर व्हॅनने फिरायचं ठरवलंय. मी राजीनामा देणार, तिला बिनपगारी रजा मिळेल, आई वर्षभर बहिणीकडे राहील. केडगावच्या मुक्ती मिशनपासून सुरुवात, मग दांडेली, ३ डिसेंबरला ओल्ड गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, आगुंबे, मुन्नार, वेलंकणी, तिथून वर मेघालय, मिझोराम. जंगलात आणि देवळात दोन्हीकडे तोच देव भेटतो असं आम्हाला वाटतं. बायबलमधल्या लेवीय २५ मध्ये जमिनीलाही सातव्या वर्षी विसावा आहे, आम्ही तर २० वर्षं नांगरतोय. एफडी ९ लाख, म्युच्युअल फंड ६ लाख, पीएफ १६ लाख. घराचा हप्ता २८ हजार, अजून ९ वर्षं. प्रवासाचा खर्च ६ लाख धरलाय. गाडी तयार होऊन १६ लाखांना पडते, २५ हजार टोकन दिलंय. प्रश्न एवढाच की गाडीसाठी साडेबारा टक्क्यांचं पर्सनल लोन घ्यावं की पीएफ काढावा? ता.क. एक गॅरंटीड इन्कम पॉलिसी आहे, वर्षाला ३ लाख, दोन हप्ते भरलेत, बँकेच्या मॅडम म्हणाल्या की दोन वर्षांनंतर लागतील तेव्हा पैसे काढता येतात, त्यामुळे तो बॅकअप आहेच. आणि दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला) चालू ठेवायचाय."

नमस्कार आणि जय ख्रिस्त. प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देतो, दोन्ही नको. १६ लाखांचं लोन पाच वर्षांसाठी म्हणजे महिन्याला ३६ हजारांचा हप्ता, पगार शून्य असताना. आणि पीएफवर २०२४-२५ साठी सव्वाआठ टक्के व्याज दिलंय, त्या दराने हे १६ लाख तुमच्या ५८ व्या वर्षी ४८ लाखांच्या आसपास होतात, तेव्हा आज काढाल ते १६ नाहीत, ४८ आहेत. झालं, गाडी बाजूला ठेवा.

आता जे विचारलंच नाही त्याकडे येतो. तुम्ही ता.क. मध्ये जे टाकलंय ना, ते पत्राच्या पहिल्या ओळीत हवं होतं. पॉलिसीच्या इलस्ट्रेशनचा (विकताना दाखवतात तो परताव्याचा तक्ता) फोटो तुम्ही जोडलाय, त्यात मॅडमनी हिरव्या पेनाने "५० लाख" भोवती गोल केलाय, दोनदा, आणि "प्रीमियम पेइंग टर्म १०" या ओळीला पेन लावलेलंच नाही. दहा वर्षं ३-३ लाख, म्हणजे ३० लाख भरायचे आणि बाराव्या वर्षानंतर दहा वर्षं ५-५ लाख घ्यायचे. कॅल्क्युलेटर लागत नाही याला. भरायची सरासरी वेळ पाचवं वर्ष धरा, मिळायची सतरावं, मधे १२ वर्षं. १२ वर्षांत पैसे दुप्पट व्हायला ६ टक्के लागतात (७२ भागिले १२), आणि इथे ३० चे ६० पण होत नाहीत, ५० होतायत. साडेचार टक्के पण धड नाही! यापेक्षा पोस्टातली बाई काही न बोलता जास्त देते.

आणि "लागतील तेव्हा काढता येतात" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चिडायचाही कंटाळा येतो. काढता येतात म्हणजे पॉलिसी सरेंडर करता येते, मुदतीआधी मोडता येते, आणि दोन वर्षांत सरेंडर केली तर भरलेल्या ६ लाखांतले किती परत येतील हे मॅडमनी कुठे लिहून दिलंय का? पॉलिसीवर लोन मिळतं म्हणतील, तेही सरेंडर व्हॅल्यूवर मिळतं, तुम्ही भरलेल्या रकमेवर नाही. बॅकअप वगैरे काही नाहीये हा, उलट हाच तुमचा सगळ्यात मोठा खर्च आहे, तिसरा हप्ता डिसेंबरात, तुम्ही ओल्ड गोव्याच्या गर्दीत मेणबत्ती घेऊन उभे असणार आणि फोनवर ३ लाखांचा मेसेज येणार.

काय करायचं ते सांगतो. विमा कंपनीला (बँकेला नाही, मॅडमना तर नाहीच) ईमेल टाका आणि दोन आकडे लेखी मागवा, आज सरेंडर केली तर किती आणि पेड-अप केली तर पुढे काय मिळेल. पेड-अप म्हणजे पुढचे हप्ते बंद, पॉलिसी छोटी होऊन चालू. दहातले दोन हप्ते भरलेत तर ढोबळमानाने वर्षाला ५ च्या जागी १ लाख, दहा वर्षं, एकूण १०. हे आज किती वाटतात? सात टक्के धरले तर मधल्या पंधरा वर्षांत पैसे पावणेतीन पट होतात, तेव्हा १० लाखांची आजची किंमत पावणेचार लाखांच्या आत-बाहेर. सरेंडरचा आकडा त्याच्या वर आला तर काढून घ्या, खाली आला (बहुतेक खालीच येईल) तर पेड-अप करून विसरून जा. फक्त त्यांचा पेड-अपचा आकडा माझ्या १० लाखांपेक्षा कमी असेल तर तोच घालून गणित परत करा. तिसरा हप्ता मात्र कुठल्याच परिस्थितीत नाही. "पण ६ लाख भरलेत" असं मनात येईल, ते गेले ते गेले, अजून २४ लाख वाचवायचेत.

यापेक्षाही मोठी चूक आहे आणि ती पत्रात कुठे लिहिलेलीच नाही, मला तुम्हाला उलट मेल करून विचारावी लागली. आईचा मेडिक्लेम? तर म्हणे कंपनीचा आहे. अहो मग तुम्ही राजीनामा दिला की तुमचा, मिसेसचा आणि आईचा, तिघांचा मेडिक्लेम साधारण शेवटच्या दिवशीच संपतो! ७२ वर्षांच्या शुगरच्या पेशंटला वर्षभर कव्हर नाही आणि मुलगा मिझोरामात, रेंज नसलेल्या डोंगरावर. मी तुम्हाला घाबरवत नाहीये, पण प्रवासाच्या कागदावर मिझोरामात शिरायच्या परवान्याची, म्हणजे इनर लाइन परमिटची फी लिहिलीय आणि हे नाही, म्हणून चिडलो.

राजीनाम्याआधी, नंतर नाही, एचआरकडून ग्रुप पॉलिसीच्या विमा कंपनीचं नाव घ्या आणि वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेट करायचा अर्ज टाका. नवी पॉलिसी शून्यापासून घेतली तर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात. मायग्रेट केलं तर ग्रुपमधली वर्षं मोजली जातात. तपासण्या करतील, नाही पण म्हणतील, म्हणून तर आधी. आईची पॉलिसी वेगळी, तुमच्या दोघांची वेगळी, तिघांत वाटून एकच कव्हर, म्हणजे फ्लोटर, नको. प्रीमियम भारी वाटेल पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे, तेवढाच दिलासा. आणि आईचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर काढा, ७० च्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांचं कव्हर आहे, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, आधारवर होतं. यादीतल्याच हॉस्पिटलला चालतं, पण चालतं. बहिणीच्या घराजवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते बघून ठेवा.

त्याच दमात तुमचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा साधा विमा. घराचं लोन अजून २१ लाखांच्या आसपास बाकी असणार. एक कोटीचा टर्म घ्या, पगाराची स्लिप हातात आहे तोवर, कारण बेरोजगार माणसाला विमा कंपनी दारात उभं करत नाही.

आता तुमचे ६ लाख. त्यात फक्त डिझेल आणि जेवण धरलंय. मी मोजतो, आकडे लाखांत. घराचा हप्ता वर्षाचे ३.४, आईचं औषधपाणी आणि बहिणीकडे द्यायचे १५ हजार महिना म्हणजे १.८, डिझेल २० हजार किलोमीटरला २ (लिटरला ९ किलोमीटर, नव्वद रुपये), खाणं-पार्किंग-टोल ३५ हजार महिना म्हणजे ४.२, टायर-सर्व्हिसिंग-गाडीचा विमा १, पॉलिसी ३. झाले साडेपंधरा. गाडीचं लोन घेतलं तर वर अजून सव्वाचार, पावणेवीस. तुमची एफडी आणि फंड मिळून १५. म्हणजे जून संपता संपता तुम्ही शिलाँगला, बाहेर धो धो पाऊस, आणि खात्यात काही नाही.

तुम्ही लेवीय लिहिलंत म्हणून मी तो अध्याय काढून वाचला. विसाव्याच्या थोडं पुढे लोक विचारतात की सातव्या वर्षी पेरलं नाही तर खायचं काय, आणि उत्तर येतं की सहाव्या वर्षी तीन वर्षांचं पीक देईन. तुमचं सहावं वर्ष अजून यायचंय असं धरा. एक वर्ष थांबा. पॉलिसी बंद केली की महिन्याला ७० हजार शिल्लक पडतात (हजारांत, १६५ मधून घराचा हप्ता २८, घरखर्च ५०, दशांश १६, बाकी मोजा), वर्षाचे ८.४. एफडी ९. आणि महत्त्वाचं म्हणजे नोकरीची पाच वर्षं पूर्ण होतात! ग्रॅच्युइटी (पाच वर्षं झाली की नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम), बेसिक ७० हजार गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, दोन लाख रुपये, जे तुम्ही सहा महिन्यांच्या घाईपायी सोडून चालला होता. एकूण १९.४.

आणि वर्ष नाही, सहा महिने. ऑक्टोबर ते मार्च, केडगाव ते वेलंकणी, ईशान्य भारत नंतर कधीतरी रेल्वेने करा, पुण्याहून तिथवर डिझेल जाळत जाण्यात भक्ती काहीच नाही. सहा महिन्यांचा सगळा खर्च, तिघांच्या मेडिक्लेमसकट, साडेसात. परत आल्यावर नोकरी मिळेपर्यंत ४ वेगळे. उरतात ८. ही तुमच्या गाडीची किंमत, सेकंडहँड, फंडाला हात न लावता. कॅम्पर करून घेतलीत तर आरटीओकडून बदल आरसीवर चढवून घ्या आणि गाडीच्या विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघात झाला की क्लेम अडकतो. त्याच्याही आधी एक व्हॅन भाड्याने घेऊन आठ दिवस कोकणात राहून बघा दोघं. माझ्या एका मित्राने २०२२ साली हौसेने बांधून घेतली, सध्या ती भूगावला निळ्या ताडपत्रीखाली आहे, बॅटरी उतरलेली, आतल्या गादीला बुरशी, आणि बायको म्हणते संडास साफ कोण करणार हे आधी ठरवायला हवं होतं.

तुम्ही राजीनामाच का देताय हेही कळलं नाही. सहा महिन्यांची बिनपगारी रजा मागून तर बघा, नाही म्हणाले तर राजीनामा आहेच. हो म्हणाले तर ग्रॅच्युइटी आत्ता हातात येणार नाही, तेवढे दोन लाख गाडीतून कमी करा, पण मेडिक्लेम चालू राहतो का ते लेखी घ्या.

दशांशाबद्दल, तुमचा नेम आहे, मी बोलणार नाही. पगार असताना मी तो खर्चात धरलाय, प्रवासात उत्पन्नच नसेल तेव्हा दशांश कशाचा काढायचा हे तुमच्या पाळकांना विचारा आणि मिसेसच्या फादरनाही, दोघांचं एकमत झालं तर मला कळवा.

आणि ते टोकनचे २५ हजार. पावतीवर परत मिळणार नाहीत असं लिहिलेलं नसेल तर उद्या सकाळी फोन करा, त्यांनी लोखंड कापायला घेण्याआधी.