व्हिपलनंतर पुन्हा ऑपरेशन करायची वेळ कोणावर येते?

वडिलांचं व्हिपल (पॅन्क्रियाजचं डोकं आणि लहान आतड्याची सुरुवात काढून उरलेलं परत जोडायचं ऑपरेशन) पुढच्या आठवड्यात आहे, दुसऱ्यांदा पोट उघडावं लागायचे चान्सेस कशाने वाढतात असं विचारलंय तुम्ही. मी डॉक्टर नाही, पण माझ्या दादाचं हेच ऑपरेशन पुण्यातच झालं आणि दहाव्या दिवशी त्याला परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं, तेव्हा सर्जनचं डोकं खाऊन जे कळलं ते सांगते.

मला वाटायचं वय आणि कॅन्सरची स्टेज बघायची. वय, हार्टचा त्रास वगैरे धरतातच, पण खरी गोम पॅन्क्रियाजमध्ये, म्हणजे पाचक रस बनवणाऱ्या स्वादुपिंडात असते. ते मऊ असेल आणि आतली नळी बारीक, 3 मिमी किंवा त्याहून कमी, तर आतड्याशी केलेला जोड नीट धरत नाही आणि रस गळतो. आमचे सर्जन म्हणाले, लोण्याला टाके घालत होतो. नळी तुंबून फुगलेली आणि ग्रंथी कडक झालेली असली तर उलट जोड चांगला बसतो! दादाची गाठ लहान आतड्याच्या सुरुवातीला, पॅन्क्रियाजला काहीच झालेलं नाही म्हणून ते मऊ, त्यात वजन 94 किलो. लठ्ठपणा आणि ऑपरेशनमध्ये जास्त रक्त जाणं हेही त्यातच मोजतात.

गळती म्हणजे लगेच ऑपरेशन असं नाही हां. ड्रेनच्या (पोटातलं पाणी बाहेर काढायला ठेवलेल्या नळीच्या) पाण्यात अमायलेज, म्हणजे पॅन्क्रियाजच्या रसातलं एन्झाइम, वाढलेलं आलं आणि पेशंट ठणठणीत असला तर नुसतं लक्ष ठेवतात, पू साठला तर सीटीवर बघून बाहेरूनच नळी घालतात.

भीती रक्ताची. तो गळलेला रस शेजारच्या धमनीचं ऑपरेशनमध्ये बांधलेलं टोक खातो. त्या दिवशी मी कोथरूडहून डबा घेऊन पोचले तर ड्रेनच्या पिशवीत कोऱ्या चहासारखं पाणी आणि त्यात एक लाल रेघ, ड्यूटीवरचा पोरगा म्हणाला थोडंफार येतं, मी पण गप्प बसले आणि संध्याकाळी बीपी धाडकन पडला. मोठ्या ब्लीडिंगच्या आधी बऱ्याचदा असंच थोडं रक्त दिसतं म्हणे, तेव्हाच अँजिओग्राफी करून (जांघेतून बारीक नळी घालून, एक्स-रेवर रक्त कुठून येतंय ते बघून) ती धमनी आतूनच बंद करता येते, पोट उघडायची गरज पडतेच असं नाही. दादाच्या वेळी तेवढा वेळच उरला नव्हता.

म्हणून आत्ताच विचारा, तिथे रात्री-अपरात्री अँजिओग्राफी होते का आणि वर्षाला व्हिपल किती होतात, जिथे जास्त होतात तिथे असले प्रकार चांगले सांभाळतात. ड्रेनचा रोज सकाळी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि वडील सिगारेट ओढत असतील तर आजपासून बंद, ते तीन बॉलवालं श्वास आत ओढायचं यंत्र आजच आणून हातात द्या.