आपलं वर्ष एक जुलैला सुरू होतं, लोकांचं नाही

प्रिय डायरेक्टरबाई,

अनेक आशीर्वाद.

आपल्या रोटरी क्लबच्या वर्षभराच्या 22 प्रोजेक्टची यादी पाठवलीस आणि खाली लिहिलंस, ‘काका, नुसतं छान आहे म्हणू नका.’ बरं, नाही म्हणत. मेहनत दिसते आहे. तारखा आहेत, खर्चाचा अंदाज आहे, प्रत्येक ओळीपुढे लाभार्थ्यांचा आकडाही आहे. आता एक कर, हीच यादी महिन्यांप्रमाणे लावून बघ. जुलै-ऑगस्टमध्ये 9 प्रोजेक्ट. दिवाळीनंतर सामसूम. रोटरीच्या डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांच्या भेटीच्या आगेमागे पुन्हा 6. एप्रिल आणि मे कोरे.

यात तुझा दोष नाही, सगळ्या क्लबांच्या याद्या अशाच असतात. रोटरीचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं, आपल्यासारख्याच लायन्स क्लबांचंही तसंच. जुलैत अध्यक्ष नवा असतो, वर्गणी नुकतीच जमलेली असते, पदग्रहणाला घातलेल्या सुटाची इस्त्रीही मोडलेली नसते. मे उजाडेपर्यंत पैसे संपलेले, माणसं दमलेली आणि सगळ्यांचं लक्ष पुढच्या पदग्रहणाच्या हॉलकडे. गावाला मात्र पाण्याची टंचाई नेमकी मेमध्ये असते. रक्ताचीही. तेव्हा यादीतली कामं बदलण्याआधी तिच्या तारखा बदल. तारखा बदलल्या की निम्मी कामं आपोआप गळतील, ते चांगलंच.

झाडांपासून सुरुवात करू, कारण ते पटकन सांगून होण्यासारखं आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात 500 रोपं लावायची, असं तू लिहिलंयस. पाऊस आहे तोवर रोप कुणालाही जगवता येतं. खरी परीक्षा मार्चपासून पुढे, आणि रोपाला साधारण तीन उन्हाळे सांभाळावं लागतं. मार्च ते मे टँकरचं भाडं कोण देणार, गुरांपासून राखण कोण करणार, ट्री गार्ड मोडला तर कुणाला फोन करायचा? या रकान्यांत काही नाही. 500 ची 50 कर. वड, पिंपळ, करंज, कडुनिंब घे. नर्सरीवाला स्वस्तात देतो म्हणून गिरिपुष्पासारखं परकं झाड उचलू नकोस. उरलेले पैसे पुढच्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्यासाठी बाजूला ठेव. बातमी छोटी येईल, येऊ दे.

आता रक्तदान. यावर मी लांबण लावणार आहे, कारण आपल्याकडे सगळ्यांत जास्त होणारं आणि सगळ्यांत कमी विचार करून होणारं काम हेच.

तू शिबिर 26 जानेवारीला ठेवलंयस. त्या दिवशी आपल्या तालुक्यात आणखी किती शिबिरं असतील, अंदाज कर. 12 जानेवारी, 26 जानेवारी, शिवजयंती, 14 एप्रिल, शिवाय वर्षभर पसरलेले नेत्यांचे वाढदिवस. (नेत्यांनी निदान जन्म तरी मे महिन्यात घ्यायला हवा होता.) रक्त काही वर्षभर टिकत नाही. लाल पेशी, पिशवीत कोणतं द्रावण आहे त्यावर, 35 ते 42 दिवस राहतात. प्लेटलेट्स तर पाचच दिवस, त्याही 20 ते 24 अंशांत सतत हलवत ठेवाव्या लागतात. म्हणजे जानेवारीत एका दिवसात 300 बाटल्या काढल्या, तरी त्यांतली एकही एप्रिलमधल्या बाळंतिणीच्या उपयोगाची नाही. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा, मेमध्ये कॉलेजं बंद, माणसं गावाला, ऊन असं की दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही. नेहमीचे रक्तदाते गायब, आणि रुग्ण तेवढेच. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते.

म्हणून तारीख आपण ठरवायचीच नाही. सरकारी रक्तपेढीत जा, तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेट आणि विचार, ‘तुम्हाला कोणत्या आठवड्यात किती पिशव्या कमी पडतात?’ हा प्रश्न त्यांना फारसं कुणी विचारत नाही. बहुतेक लोक जातात ते ‘आमचं शिबिर अमुक तारखेला आहे, टीम पाठवा’ एवढं सांगायला. त्यांनी 60 मागितल्या तर 60 च द्यायच्या. 200 लोक रांगेत उभे असले तर बाकीच्यांची नावं लिहून घ्यायची आणि पुढच्या महिन्यात बोलवायचं. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर लागतं, बाईला चार. या हिशोबाने नावांचे गट पाडलेस तर वर्षभर थोडं थोडं रक्त देणारी माणसं हाताशी राहतात. रक्तपेढीला हीच माणसं हवी असतात. 300 चा विक्रम हवा असतो तो आपल्याला.

रक्तदात्याला भेटवस्तू द्यायची नाही. डबा नाही, हेल्मेट नाही, पाण्याचा जारही नाही. चहा, बिस्किट, पोहे आणि प्रमाणपत्र पुरे. यामागे नुसतं तत्त्व नाही. रक्तदानाआधीचा फॉर्म माणसाच्या खरं बोलण्यावर चालतो. कावीळ झाली होती का, नुकतं गोंदवून घेतलंय का, औषधं चालू आहेत का? वस्तूसाठी आलेला माणूस यांतलं काहीतरी लपवतो. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया यांच्या चाचण्या होतात, तरी लागण ताजी असली तर चाचणीत सापडत नाही असा एक काळ असतोच. आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर 1 जानेवारी 1998 पासून बंदी आहे, तीही सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर आली. मिक्सरचं आमिष दाखवून आपण तेच मागच्या दाराने परत आणायला नको.

आणि शिबिरात ज्यांचं रक्त घेतलंच जात नाही, त्यांच्याकडे माझं सगळ्यांत जास्त लक्ष असतं. हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली असलं, वजन 45 किलोपेक्षा कमी असलं की परत पाठवतात. परत जाणाऱ्यांत बहुतेक बायका आणि मुली असतात. ओशाळून हसतात, ‘माझं नेहमीच कमी असतं’ म्हणतात, आणि पोह्यांच्या टेबलाकडेही न बघता निघून जातात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्या शिबिरात त्या स्वतःच्या पायांनी येतात, तपासून घेतात, आणि आपण त्यांना ‘नापास’ म्हणून घरी पाठवतो. तिथे एक वेगळं टेबल मांड. त्यांची परवानगी घेऊन नाव, नंबर आणि हिमोग्लोबिनचा आकडा लिहून घे. प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, पोटात मळमळलं तर बंद न करता आशाताईंना विचारायचं, हे नीट समजावून सांगणारी एक बाई त्या टेबलावर हवी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तुझ्या यादीत ‘महिला आरोग्य’ म्हणून हॉलमधलं जे व्याख्यान आहे, ते रद्द कर आणि त्याचे पैसे इकडे वळव.

मोतीबिंदूचं सांगतो. नेत्रसेवेत लायन्सवाले आपल्या पुढे आहेत. 1925 मध्ये हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करा म्हणून आवाहन केलं, तेव्हापासून त्यांनी ते धरून ठेवलंय. त्यांच्याशी स्पर्धा नको, त्यांना बरोबर घे. तपासणी गावात, शस्त्रक्रिया रुग्णालयात, हे ठरलेलंच आहे. अडतं ते मधल्या रस्त्यावर. म्हाताऱ्या माणसाला घेऊन कोण जाणार? आपल्याकडे लोकांना वाटतं, डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करावं. डॉक्टर म्हणतात कधीही करा. पण थंडीत ऊसतोड असते, रब्बीची धांदल असते, घरात सोबत जायला माणूस नसतो, आणि आजी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणते. तिला कोणत्या महिन्यात सोयीचं आहे ते तिच्या सुनेला विचार. गाडी क्लबची हवी, न्यायला आणि आणायलाही. नंतर काही आठवडे थेंब घालावे लागतात, ते कोण घालणार हेही आधीच विचारून ठेव. 150 जणांची तपासणी झाली ही बातमी होते. त्यांतल्या किती जणांना आता सुईत दोरा ओवता येतो, तेवढंच मी विचारेन.

शाळांना ई-लर्निंग संच देणार आहेस. कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत गेलीस तर मुख्याध्यापक हो म्हणतील, नाही म्हणणं त्यांना परवडत नाही. म्हणून त्यांना ‘काय हवं’ न विचारता ‘गेल्या वेळी कुणी काय दिलं आणि ते आता कुठे आहे’ असं विचार. कुलूपबंद कपाटातला टीव्ही दाखवतील. वीजबिल थकलेलं असतं, वीज तोडलेली असते. मग मोठ्या मुलींशी बोल, शक्यतो तू एकटीच. स्वच्छतागृह आहे का, त्याला आतून कडी आहे का, नळाला पाणी येतं का. हे लिहिताना एक आठवलं. पॉल हॅरिस यांनी 1905 मध्ये शिकागोत रोटरी सुरू केली, आणि क्लबने हाती घेतलेलं पहिलं सार्वजनिक काम 1907 मधलं, शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहं बांधून घेण्याचं. दारूचे गुत्तेवाले आणि मोठे दुकानदार विरोधात होते. म्हणजे आपलं घराणं संडासांपासून सुरू होतं, तेव्हा बोर्डात कुणी नाक मुरडलं तर खुशाल सांग.

तू म्हणशील, एका वर्षात एवढं खोलवर कसं जमणार? एका वर्षात नाहीच जमत. पोलिओचं बघ. रोटरीने 1985 मध्ये जगभरातून पोलिओ घालवायचं काम अंगावर घेतलं. भारतातला नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची एक लहान मुलगी. 27 मार्च 2014 ला जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपल्या आग्नेय आशिया प्रदेशाला पोलिओमुक्त ठरवलं. या काळात प्रत्येक क्लबमध्ये दरवर्षी अध्यक्ष बदलला. कुणी अध्यक्ष उत्साही, कुणी नुसता हार घालून घेणारा. पण रविवारी सकाळी बूथ लागला, पोरांच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण झाली. काम सरकारचं होतं, आरोग्यसेविकांचं होतं, आपण मदतीला होतो. तरी दरवर्षी नवा अध्यक्ष आल्यावर नवा विषय काढला असता तर ती मदतही झाली नसती. तुझ्या 22 पैकी एखाददुसरं काम असं निवड, की जे तुझ्यानंतरच्या डायरेक्टरला बंद करताना लाज वाटेल.

पैशांचंही एक वेगळंच कॅलेंडर असतं. कंपन्यांचं वर्ष मार्चमध्ये संपतं. 2014 पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्याकडे न खर्चलेली रक्कम असू शकते. तेव्हा उन्हाळ्यातल्या कामांचा प्रस्ताव डिसेंबरमध्ये तयार हवा. आपल्या ट्रस्टची धर्मादाय आयुक्तांकडची कागदपत्रं, देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी नोंदणी आणि कंपन्यांचा हा निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-1 नोंदणी चालू आहे का, ते सेक्रेटरीला आजच विचार. पावती प्रत्येक रुपयाची फाड. फोटोंबद्दल एवढंच, की वही घेणाऱ्या पोराचा चेहरा फ्लेक्सवर नको. त्याला त्याच शाळेत दहावीपर्यंत बसायचंय.

या काटछाटीत समजा 22 पैकी 7 च प्रोजेक्ट उरले, तर बोर्ड मीटिंगमध्ये अध्यक्ष विचारतील, 22 चे 7 का झाले, क्लबच्या अवॉर्डच्या गुणांचं काय. त्यांना आधी एकट्याने भेट. दहा जणांसमोर त्यांना माघार घेता येणार नाही. खजिनदाराला सांग की मे महिन्याचे पैसे आत्ताच वेगळे काढायचे. तो कुरकुर करेल, पण हिशोबी माणूस आहे, त्याला पटेल. ठराव इतिवृत्तात लिहून घे, कारण आपल्याकडे जे लिहिलेलं नसतं ते जूनमध्ये कुणालाच आठवत नाही. त्याआधी रक्तपेढीत जाऊन ये, आणि गेल्या एप्रिल-मेमधला रोजचा साठा त्यांच्याकडून मागून घे. नवी यादी पाठवशील तेव्हा तो कागदही जोड, मलाही बघायचाय.

तुझा,
काका