जर्मनीला येण्याआधी फ्लटर सोडू का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात चार वर्षं फ्लटरवर (एकाच कोडमधून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींची अ‍ॅप्स बनवणारं गुगलचं फ्रेमवर्क) काम केलंय, बर्लिनच्या मुलाखती सुरू झाल्यात, आणि ऑफिसात सगळे म्हणतात की फ्लटर संपलं. मग येण्याआधी रिअ‍ॅक्ट नेटिव्ह किंवा कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म ही त्याच कामाची दुसरी साधनं शिकून घेऊ का?

संपलंबिंपलं काही नाही. 2024 मध्ये गुगलने फ्लटरच्या टीममधली काही माणसं कमी केली, तेव्हापासून ही आवई उठली आहे. मी इथे जर्मनीत फ्लटरवरच पोट भरतो. पण शिकायचं आहेच, फक्त वेगळं.

गेल्या दोन-तीन वर्षांतले बदल बघ. आधी एखादं अ‍ॅनिमेशन पहिल्यांदा चालताना अडखळायचं, कारण शेडर (स्क्रीनवर चित्र काढणारे छोटे प्रोग्रॅम) ऐनवेळी कंपाइल व्हायचे. इम्पेलर हा फ्लटरचा नवा रेंडरर (स्क्रीन रंगवणारा भाग) ते काम फ्लटरचं इंजिन बिल्ड होतानाच उरकतो. आयफोनवर 2023 पासून, अँड्रॉइड 10 आणि पुढच्या फोनांवर फ्लटर 3.27 पासून तोच डीफॉल्ट आहे. 3.29 मध्ये मोबाइलवर डार्टचा (फ्लटरच्या भाषेचा) कोड थेट प्लॅटफॉर्मच्या मुख्य थ्रेडवर आला. म्हणजे नेटिव्ह (फोनच्या सिस्टिमसाठीच लिहिलेल्या) कोडला चॅनेलमधून निरोप पाठवून उत्तराची वाट बघण्याऐवजी एफएफआयने (दुसऱ्या भाषेतलं फंक्शन थेट बोलावण्याची सोय) सरळ हाक मारता येते. पुढे मटेरियल आणि क्युपर्टिनो (अँड्रॉइड आणि आयफोनच्या धाटणीची बटणं वगैरे) मूळ फ्रेमवर्कमधून काढून स्वतंत्र पॅकेजं करण्याचं काम चालू आहे. अ‍ॅपलचं लिक्विड ग्लास हे नवं काचेसारखं रूप आल्यापासून त्याची गरज आणखी जाणवते, कारण फ्लटर बटणं स्वतः रंगवतो, सिस्टिमची वापरत नाही. डार्ट मॅक्रोंची (साचेबंद कोड आपोआप लिहिणारी सोय) वाट मात्र बघू नकोस, तो प्रकल्प जानेवारी 2025 मध्ये गुंडाळला. तेच काम करणाऱ्या जुन्या बिल्ड रनरशी संसार चालूच राहणार.

रिअ‍ॅक्ट नेटिव्हनेही तीच दिशा धरली आहे. नवं आर्किटेक्चर 0.76 मध्ये डीफॉल्ट झालं, 0.82 पासून ते बंदच करता येत नाही. जावास्क्रिप्ट आणि नेटिव्ह कोडमध्ये निरोपांची ने-आण करणाऱ्या जुन्या ब्रिजला रामराम. मे 2025 मध्ये कोटलिनवाल्यांचं स्क्रीन बनवायचं साधन, कम्पोज मल्टिप्लॅटफॉर्म, आयफोनसाठी स्थिर झालं. ज्या कंपन्यांकडे आधीच तगडी नेटिव्ह टीम आहे, त्या लॉजिक एकत्र आणि स्क्रीन वेगवेगळे ठेवण्यासाठी कोटलिनकडे वळतात.

तिघांचाही ओढा नेटिव्हच्या जवळ जाण्याकडे आहे. म्हणून तू फ्रेमवर्क बदलू नकोस, त्याच्या खाली उतर. थोडं कोटलिन (अँड्रॉइडची भाषा), थोडं स्विफ्ट (आयफोनची), आणि एक प्लगइन (फ्लटरला नेटिव्ह कोडशी जोडणारा तुकडा) स्वतःच्या हाताने लिही. गुगल प्लेवर अँड्रॉइड 15 साठीच्या अ‍ॅप्सना मेमरीच्या 16 केबी पेज साइजची अट लागली, तेव्हा जुन्या प्लगइनमधल्या एसओ फायलींनी (आधीच कंपाइल केलेल्या नेटिव्ह लायब्ररी) बऱ्याच जणांचे बिल्ड अडवले. ग्रेडल (अँड्रॉइडचं बिल्ड करणारं साधन) उघडायची भीती असलेला माणूस तिथे काही करू शकत नाही.

दुसरी गोष्ट पुण्यात तुला कुणी सांगणार नाही. 28 जून 2025 पासून इथे, अपंगांनाही सेवा वापरता याव्यात म्हणून, अ‍ॅक्सेसिबिलिटीचा कायदा लागू आहे. ऑनलाइन खरेदी, बँकिंग, तिकिटं सगळं त्यात येतं. मुलाखतीत माझ्या हातात फोन दिला, व्हॉइसओव्हर (आयफोनवर स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) चालू करून, आणि म्हणाले, चेकआउट पूर्ण कर. कार्टच्या आयकॉनवर आलो की फोन नुसता 'बटण' म्हणायचा, कारण सिमँटिक्समध्ये (फ्लटर स्क्रीन-वाचकाला जी माहिती देतो त्यात) लेबलच नव्हतं. तुझ्या सध्याच्या अ‍ॅपवर आज रात्री हेच करून बघ. पंधरा मिनिटांत बोलायला भरपूर सापडेल.

पगाराचं: आयटीसाठी ब्लू कार्डची (कुशल परदेशी कामगारांचा निवास परवाना) किमान पगाराची मर्यादा 2026 मध्ये वर्षाला 45,934.20 युरो आहे. ऑफर त्याच्या आसपास असेल तर करारावर सही करण्याआधी आकडा नीट बघ. बोनसची आश्वासनं त्यात धरू नकोस. आणि जर्मन आत्तापासूनच सुरू कर. ब्लू कार्डवर जर्मनची बी1 पातळी असेल तर कायमचा निवास परवाना 21 महिन्यांत मिळू शकतो, ए1 या पहिल्या पातळीवर 27. स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) इंग्रजीत होतं रे, पण घरमालकाचं पत्र जर्मनमध्येच येतं.

सीव्ही पाठव, त्यातली ती फ्रेमवर्कांची लांबलचक यादी आधी कापू.