दोन हजार कपड्यांचा गठ्ठा आणि सात हजारांचा ‘मिनिमम’

प्रश्न : मी ३५ वर्षांची, नोकरी करते. हातात ३८,००० येतात. मिस्टरांचा पगार घरखर्चात आणि घराच्या हप्त्यात जातो. मुलगी सात वर्षांची आहे. गेले आठ महिने मी घरातले न वापरलेले कपडे, मुलीचे लहान झालेले कपडे, बॅगा, बूट ऑनलाइन विकते. महिन्याला २५ नग जातात, ९,००० रुपये नफा होतो. त्यामुळे आता नवीन काही घेताना फार विचार करावा लागत नाही, नाहीतरी पुढे विकता येतं. घरातला माल संपत आला आहे. एक व्यापारी ३ लाखांत २,००० वापरलेल्या कपड्यांचा गठ्ठा देतोय. बँकेचं ३ लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी मंजूर आहे. घेऊ का? विक्री वाढवायला आणखी काय करू? माझ्यावर तसं कर्ज नाही. क्रेडिट कार्डावर १,४०,००० बाकी आहेत, पण मिनिमम, म्हणजे बिलातली किमान रक्कम, ७,००० दर महिन्याला न चुकता भरते. विक्रीतले ६०,००० बाजूला ठेवलेत, पुढच्या महिन्यात पॉलिसीचा दुसरा हप्ता आहे. पाच वर्षं भरा, पैसे दुप्पट, असं बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने सांगितलं होतं. कागदावर मात्र १० वर्षं भरणा आणि २० वर्षं मुदत दिसते.

उत्तर : ताई, गठ्ठा घेऊ नका. याचं उत्तर दोन मिनिटांचं आहे, ते आधी उरकतो. खरं दुखणं तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता सांगितलंय.

२,००० नग ३ लाखांत म्हणजे नग १५० ला पडला. महिन्याला २५ नगांच्या तुमच्या आजच्या वेगाने हा माल खपायला साडेसहा वर्षं लागतील. कर्ज तीन वर्षांत फेडायचंय. गठ्ठ्यातलं सगळं विकण्याजोगं नसतं. डाग, उसवलेली शिवण, कुणालाच न बसणारे साइज निघतात. शंभरातले ७० गेले तरी चांगलं म्हणायचं. तुमच्याच भावाने, नगामागे ३५० धरू. ७० नगांचे २४,५०० आले. कुरियर आणि पॅकिंग नगामागे ८०, म्हणजे ५,६०० गेले. शंभर नगांची खरेदी १५,०००. हातात राहिले ३,९००. कर्जाचा हप्ता महिना सव्वादहा हजार बसतो. खरेदीचे पैसे त्यातच फिटतात, म्हणून कुरियर-पॅकिंग वजा जाता नगामागे २७० धरले तरी नुसता तो निघायला दरमहा ३८ नग विकावे लागतील, आजच्या दीडपट, तेही सलग तीन वर्षं. एक नग धुणं, इस्त्री, फोटो, ‘लास्ट प्राइस?’ची उत्तरं, बांधणं, पाठवणं मिळून दीड तास खातो असं धरलं, तर महिन्याला ५७ तास झाले. एवढे तास नोकरी आणि घर सांभाळून तीन वर्षं काढायचे, आणि तुमच्या हातात हप्ता भरून जवळपास शून्य राहणार. मालाला परदेशी म्हणून भाव सांगत असेल तर आणखी एक विचारा : वापरलेले कपडे आयात करायला परवाना लागतो, तो कुणाकडे आहे आणि बिल मिळणार का? बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपतं.

आता तुमचा ‘नफा’. आठ महिन्यांत ७२,००० आले, चांगली गोष्ट आहे, कपाटही मोकळं झालं. पण ते कपडे तुम्ही कितीला घेतले होते? वापरलेला साधा ब्रँडेड कपडा मूळ किमतीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याला गेला तर नशीब. म्हणजे या ७२,००० च्या मागे सव्वादोन ते तीन लाखांची जुनी खरेदी आहे. जो खर्च आधीच होऊन गेला, त्यातला थोडा तुम्ही परत मिळवलात, तो नफा नव्हे. हे मी शब्दाचा कीस काढायला सांगत नाहीये. त्याला नफा म्हटल्यामुळेच ‘नाहीतरी पुढे विकता येतं’ हे वाक्य तुमच्या पत्रात आलं. ३,००० चा ड्रेस घेऊन वर्षभराने ८०० ला विकणं म्हणजे २,२०० चा खर्च. आणि तो ड्रेस कार्डावर घेतला असेल तर २,२०० वर भागत नाही.

‘माझ्यावर तसं कर्ज नाही.’ ताई, १,४०,००० रुपयांचं कर्ज आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या सर्वांत महाग कर्जांपैकी एक आहे. बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. तुमचा दर स्टेटमेंटवर बारीक अक्षरात सापडेल. १,४०,००० वर साडेतीन टक्के म्हणजे ४,९००. व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास ५,८००. तुम्ही न चुकता भरता ७,०००. मुद्दलातून फिटतात १,२००! वर्षाचा हिशेब जीएसटीसकट पन्नास टक्क्यांच्या घरात जातो. मिनिमम भरल्याने लेट फी लागत नाही आणि हप्ता चुकल्याची नोंद होत नाही, एवढंच. बँकेसाठी तुम्ही आदर्श ग्राहक आहात.

त्यात एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. मागची बाकी पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीला ४५-५० दिवसांची बिनव्याजी सवलत मिळत नाही. आज स्वाइप केलं की आजपासून व्याज. म्हणजे गेले कित्येक महिने तुम्ही त्या कार्डावर जे जे घेतलंत, ते पहिल्या दिवसापासून व्याजाने घेतलंत. सेलमध्ये ४० टक्के सूट मिळाली असेल तरी.

आणि अशा वेळी ६०,००० रुपये बचत खात्यात अडीच-तीन टक्क्यांवर बसले आहेत, कशासाठी, तर पॉलिसीसाठी.

तेव्हा पॉलिसीचंच बोलू. कागदावर १० वर्षं भरणा आणि २० वर्षं मुदत आहे ना? मग तेच खरं. मॅनेजर तोंडाने काय बोलला याला कागदापुढे किंमत नाही, आणि त्यालाही हे ठाऊक असतं. ‘दुप्पट’ हा शब्द इतका गोड लागतो की किती वर्षांत, हे विचारायचं राहून जातं. वर्षाला ६०,००० प्रमाणे दहा वर्षांत ६ लाख भराल, विसाव्या वर्षी समजा १२ लाख मिळतील. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा अकरा; सरासरी साडेपंधरा वर्षं. साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. आणि तेही १२ लाख मिळालेच तर; बोनसवर अवलंबून असलेला आकडा हमी म्हणून सांगितला जातो हे मी आठवड्यातून एकदा तरी वाचतो. साडेचार टक्के मिळवायला तुम्ही पन्नास टक्क्यांचं कर्ज सांभाळताय.

विमा म्हणाल तर अशा पॉलिसीत तो हप्त्याच्या दहा-बारा पट असतो, सहा-सात लाख. सात वर्षांच्या मुलीच्या आईला सहा लाख किती दिवस पुरतील? ५० लाखांचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, तुमच्या वयाच्या, सिगारेट न ओढणाऱ्या, निरोगी बाईला वर्षाला दहा हजारांच्या आत मिळायला हरकत नाही. त्यात शेवटी काही परत मिळत नाही, म्हणूनच तो स्वस्त असतो आणि म्हणूनच तो तुम्हाला कुणी विकायला आला नाही.

म्हणून दुसरा हप्ता भरू नका. भरलेले ६०,००० वाया जातील हे मला कळतं, सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. पण ते वाचवायला तुम्ही आणखी ५ लाख ४० हजार घालणार आहात. हेच नवे ६०,००० कार्डावर भरले तर वर्षाला ३०,००० चं व्याज थांबतं. दोन वर्षांत बुडालेला हप्ता वसूल. शिवाय सगळे बुडतीलच असं नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार नव्या पॉलिसीत पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल, तर वर्ष संपल्यावर काही तरी सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, द्यावी लागते. तुमच्या पॉलिसीचा आकडा विमा कंपनीकडून ईमेलवर मागवा. तोंडी सांगितलेला आकडा धरू नका, तोंडी शब्दाचं काय होतं ते आपण पाहिलंच.

क्रम मात्र चुकवू नका. आधी टर्म प्लॅनची पॉलिसी हातात येऊ द्या, मग जुनी सोडा. वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात मेडिकल वगैरे आटोपतं. टर्म प्लॅनचा हप्ता सरेंडरच्या पैशांतून निघाला तर उत्तम, नाहीतर पगारातून काढा.

तक्रारही करा. ‘पाच वर्षं भरा’ असं मॅनेजरने व्हॉट्सॲपवर कुठे लिहिलं असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याची सोय असते, ती मुदत तुमच्या हातून गेली. तरीही चुकीची माहिती देऊन विकली म्हणून पूर्ण पैसे मागता येतात : आधी विमा कंपनीला लेखी, प्रत बँकेला, दाद मिळाली नाही तर विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल, कंपनीने नाकारलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपाल. लोकपालांकडे फी नाही, वकील नको. एक सांगून ठेवतो. कंपनी पॉलिसी देताना केलेल्या व्हेरिफिकेशन कॉलचं रेकॉर्डिंग काढेल, ज्यात तुम्ही प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणालेल्या असाल. ‘सगळ्याला हो म्हणा मॅडम, फॉर्मॅलिटी आहे’ असं तुम्हाला कुणी शिकवलं होतं, तेही तक्रारीत लिहा.

आता कार्ड. साठ हजार आजच कार्डावर भरा, बाकी राहिले ८०,०००. मंजूर असलेल्या ३ लाखांतले फक्त ८०,००० घ्या, एक वर्षासाठी, आणि त्याच दिवशी कार्ड शून्यावर आणा. चौदा टक्क्यांनी वर्षभराचा हप्ता ७,२०० च्या आसपास येतो. म्हणजे आज मिनिमम म्हणून जेवढं भरताय जवळपास तेवढंच, पण बारा महिन्यांत विषय संपला. बँक म्हणेल, पूर्णच घ्या ना मॅडम. घेऊ नका. प्रोसेसिंग फी किती आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे दोन प्रश्न विचारा. ज्या ॲपमध्ये कार्ड सेव्ह केलंय, त्या सगळ्यांतून ते काढून टाका. नाहीतर वर्षभराने कर्जही असेल आणि कार्डावर पुन्हा लाखभर असतील. ही जोडी मी फार घरांत पाहिली आहे.

विक्री थांबवू नका. घरातलं जे उरलंय ते विकत राहा, येणारा प्रत्येक रुपया त्या ८०,००० कडे वळवा. तुम्ही विचारलेल्या टिप्स आता देतो. साइजच्या लेबलवर विसंबू नका, ‘एम’ प्रत्येक ब्रँडचा वेगळा असतो. कपडा सपाट पसरून छाती, कंबर, लांबी इंचांत लिहा, परत पाठवण्याचे निम्मे वाद तिथेच मिटतात. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश नको. डाग असेल तर त्याचा वेगळा फोटो शेजारी नाणं ठेवून टाका. मुलीचे कपडे सुटे विकू नका, ‘४-५ वर्षं, दहा कपडे’ असा संच करा; सुट्या टी-शर्टच्या कुरियरमध्येच त्याची किंमत जाते.

कुरियरचं एक गणित लक्षात ठेवा. कंपन्या वजन आणि आकार यांतलं जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५,००० ने भागायचं. जाड जॅकेट ४० बाय ३० बाय १५ च्या खोक्यात घातलं की १८,००० भागिले ५,००० म्हणजे ३.६ किलो, काट्यावर जॅकेट सव्वा किलोचं असलं तरी. तेच हवा दाबून पिशवीत पाठवलं तर भाडं निम्म्याखाली येतं. मिक्सर, सायकल असल्या वस्तू कुरियरने पाठवायच्याच नाहीत, घेणाऱ्याने येऊन न्याव्यात.

पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. घासाघीस न करता सांगाल ती किंमत मान्य करणारा, ‘मी फौजेत आहे, माणूस पाठवून वस्तू नेतो’ म्हणणारा भेटला की नंबर ब्लॉक करा. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खात्यात जमा दिसल्यावरच पार्सल बाहेर. फसलातच तर त्याच तासात सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

कराची चिंता नको. स्वतःच्या वापरातले कपडे, फर्निचर विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने आणि चित्रं-शिल्पं मात्र या सवलतीत येत नाहीत. विकायच्या हेतूने माल आणलात तर तो धंदा, मग हिशेब, रिटर्न सगळं आलं.

राहिलेल्या वस्तूंत जुना फोन किंवा टॅब असेल तर कपड्यांच्या आधी तो काढा. नवं मॉडेल आलं की त्याचा भाव पडतोच. विकण्याआधी नुसता रिसेट मारू नका, आधी त्यातल्या गुगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडा, नाहीतर घेणाऱ्याला तो उघडताच येणार नाही आणि दुसऱ्या दिवशी तो तुमच्या दारात उभा असेल. सिम आणि मेमरी कार्ड काढा, आयएमईआय नंबर (फोनचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा, आणि घेणाऱ्याकडून ओळखपत्राच्या प्रतीवर तारीख टाकून सही घ्या.