वन्सं म्हणतात, तीन सह्या टाक ना!

ताई, मी व्यसनमुक्ती समुपदेशक व्हायचं ट्रेनिंग करतेय. सर्टिफिकेटसाठी सीनियरच्या देखरेखीखाली जे तास भरावे लागतात ते चालू आहेत. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्यांना कोर्ट पाठवतं त्या प्रोग्राममध्ये मी आहे, १२ आठवड्यांचा ग्रुप असतो, हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे. दोन महिन्यांपूर्वी यादी बघते तर आमच्या वन्संचे मिस्टर! मी गप्प बसले, त्यांनीही ओळख दाखवली नाही. आता त्यांचे तीन आठवडे बुडालेत आणि वन्सं म्हणतात तीन सह्या टाक, लायसन्स गेलं तर नोकरी जाईल. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीयेत. परवाच्या ग्रुपला भावजी आले तेव्हा सही करताना त्यांचा हात इतका थरथरत होता की त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. खरं सांगू का, जबरदस्तीने आणून बसवलेली माणसं सुधारतात तरी का? मग तीन सह्यांनी काय फरक पडतो?
— रजिस्टरवाली

रजिस्टरवाली,

तुझ्या पत्रातल्या ओळखीच्या खुणा मी बदलल्यात. आणि सगळ्यात आधी बोलायचं ते सह्यांबद्दल नाही, त्या मनगटाबद्दल. तू ते शेवटी शेवटी सहज लिहून टाकलंस पण मी तिथेच अडकले. रोज भरपूर पिणारा माणूस अचानक बंद करतो किंवा एकदम कमी करतो तेव्हा हात थरथरणं, घाम, छातीत धडधड हे काही तासांतच सुरू होतं, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, यात माणूस दगावतोसुद्धा. आता भावजींचा हात त्यामुळेच थरथरत होता असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण बघायला डॉक्टर हवा आणि तोही आजच. "बघा, मनावर घेतलं, एका झटक्यात सोडली" असं घरात कौतुक चाललं असेल तर जास्तच सांभाळा. सेंटरमध्ये बघितलंस ते आत्ताच्या आत्ता सीनियरच्या कानावर घाल, आणि घरी कोणाला तसं दिसलं तर तिथून थेट डॉक्टरकडे न्यायला सांग.

आता सह्या. नाही टाकायच्या. एकही नाही.

वन्संना वाटतंय हा शाळेतल्या हजेरीसारखा प्रकार आहे, बाईंनी प्रेझेंट लिहिलं की झालं. पण त्या कागदावर विसंबून कोर्ट ठरवतं की हा माणूस परत स्टिअरिंगवर बसू शकतो का. शिवाय या लोकांच्या बाबतीत बाकीचं फार काही हातात नसतं गं. सुरुवातीला तुम्ही ती ऑडिट चाचणी घेत असाल ना, माणूस किती आणि कसा पितो हे विचारणारी, जागतिक आरोग्य संघटनेची, १० प्रश्न, ० ते ४० गुण, ८ किंवा वर गेलं की पिणं धोक्याचं आणि २० किंवा वर असेल तर व्यसन जडल्याची दाट शंका. चाचणी चांगलीच आहे, पण ज्याचं लायसन्स टांगणीला लागलंय तो उत्तरं देताना हात आखडता घेणारच, "कधीतरी, मित्रांबरोबर" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. म्हणून आठवड्यामागून आठवडा त्याला समोर बघणं हीच खरी तपासणी असते आणि तू नेमके तेच आठवडे खोटे करणार. पुढे काही घडलं, कोणी रजिस्टर उघडलं, तर अक्षर तुझं. खोटी नोंद केल्यावरून सर्टिफिकेट नाकारतात, मिळालेलं काढूनही घेतात.

पण मला विचारशील तर चूक आधीच झालीय, ज्या दिवशी यादीत नाव दिसलं आणि तू गप्प बसलीस त्या दिवशी. नात्यातला माणूस क्लायंट म्हणून आला की लगेच सांगून बाजूला व्हायचं, हे तुम्हाला पहिल्या काही लेक्चर्समध्येच शिकवलेलं असणार. तुला भीती वाटली, सासरचा मामला, मी समजू शकते. तरी उद्या सकाळी सीनियरना तोंडी सांग आणि लेखीही दे, दोन ओळी पुरेत: अमुक क्लायंट माझे नातेवाईक आहेत, मी हे आधीच सांगायला हवं होतं, त्यांच्या नोंदी माझ्याकडे नकोत. बोलणी बसतील, कदाचित काही तास बाद करतील. सर्टिफिकेट थोडं लांबेल, लांबू दे.

वन्संना काय सांगायचं? एकच वाक्य पाठ कर, "वन्सं, तिथे कोण येतं कोण नाही यातलं मला काहीच बोलता येत नाही." आले होते की नाही हेसुद्धा नाही, हजेरीही गोपनीय असते. त्यांनाच सगळं आधी माहीत असलं तरी तू तोंड उघडायचं नाहीस. चुकलेल्या आठवड्यांचं काय करता येईल ते भावजींनी स्वतः प्रोग्रामला फोन करून विचारायचं, बऱ्याच ठिकाणी खाडे भरून काढायची सोय असते, पण ती मागावी लागते आणि ज्याची त्याने मागावी लागते. बायकोने वहिनीमार्फत नाही. वन्सं वाईट नाहीयेत, हप्ते दिसतायत त्यांना डोळ्यांसमोर, पण नवऱ्याचं प्रत्येक निस्तरत बसायची सवय लागलीय त्यांना असं तुझ्या पत्रावरून वाटतं. व्यसनी माणसांच्या घरच्यांचेही ग्रुप असतात, तिथे जातील तर बरं.

राहिला तुझा तो प्रश्न, जबरदस्तीने आणलेले सुधारतात का. मी स्वतः कित्येक वर्षं असे ग्रुप घेतलेत, पहिल्या दिवशी हाताची घडी घालून घड्याळाकडे बघत बसलेले. कोर्टाच्या धाकाने आलेले आपणहून आलेल्यांपेक्षा मागेच पडतात असं काही नसतं, कारण आपणहून आलेलाही बहुतेकदा बायकोच्या नाहीतर साहेबाच्या धाकानेच आलेला असतो! फरक पडतो तो समोरचा कसा बोलतो याने. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची पद्धत मांडली तिचं मर्म हेच, की तुम्ही जेवढं "सोडा" म्हणाल तेवढा तो "का सोडू" याची कारणं शोधत बसतो, त्यापेक्षा सोडायची कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्या. एक गृहस्थ सहा आठवडे अक्षरही बोलले नव्हते. सातव्या आठवड्यात मी फळ्यावर साधा हिशोब मांडत होते, शरीर तासाला साधारण एक छोटा पेगच जाळतं, कॉफी प्या नाहीतर गार पाण्याने आंघोळ करा त्याचा वेग वाढत नाही, म्हणजे रात्री नऊ ते एकमध्ये बारा छोटे पेग घेणारा सकाळी सातला गाडी काढतो तेव्हा अजून प्यायलेलाच असतो. ते मागून हळूच म्हणाले, "मॅडम, सातला मी मुलीला शाळेत सोडतो." मग बराच वेळ कोणीच बोललं नाही, मीही नाही.

हे सातव्या आठवड्यात झालं बरं का, आणि तो आठवडा कोणी सही टाकून उरकला असता तर ते गृहस्थ त्या खोलीत नसतेच.

सासूबाई बोलतील, वेळ लागेल. तू रजिस्टर उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात दे आणि डॉक्टरांचं काय झालं एवढं नक्की बघ. मला ते कळवू नकोस, फक्त तुझं कळव.

— ताई