टिकाऊ वेब डिझाइनवर पहिले भाषण देताना

छत्रपती संभाजीनगरच्या परिषदेत तुम्ही टिकाऊ वेब डिझाइनवर, म्हणजे वर्षानुवर्षे चालतील अशा संकेतस्थळांवर, पहिल्यांदाच बोलणार आहात, हे वाचून मनापासून आनंद झाला. विषय मोठा आहे, म्हणून एकच मुद्दा निवडा आणि तो पुराव्यानिशी मांडा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत तयार केलेले १९९१ चे पहिले संकेतस्थळ साध्या एचटीएमएलमध्ये (वेबपाने लिहिण्याच्या मूळ भाषेत) असल्यामुळे आजच्या ब्राउझरमध्येही उघडते. उलट २०२० च्या अखेरीस अ‍ॅडोबने फ्लॅश या वेबवरील अॅनिमेशन व खेळांसाठीच्या तंत्राचा आधार काढून घेतल्यावर त्यावर उभी असलेली असंख्य पाने निकामी झाली. ही दोन उदाहरणे शेजारी-शेजारी दाखवलीत, की निम्मे काम झाले.

नवखे वक्ते बहुधा दोन ठिकाणी चुकतात:

- यंदाच्या फॅशनचे नमुने दाखवत बसतात.
- स्लाइडवरचा मजकूर जसाच्या तसा वाचतात.

उदाहरण आपल्या भागातले घ्या. लातूरच्या आडत बाजारात भर उन्हात, स्वस्त फोनवर सोयाबीनचा भाव पाहणाऱ्या शेतकऱ्याला फिकट करडी अक्षरे दिसतच नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) का हवा, हे तिथे लगेच पटते. डिझाइन सिस्टीमची (रंग, बटणे, अक्षरे यांच्या ठरीव संचाची) खोलातली चर्चा मात्र सध्या बाजूला ठेवा. घड्याळ लावून मोठ्याने सराव करा आणि प्रश्नांसाठी वेळ आवर्जून राखा.